हजार यार्डांवरचा नेम: टार्गेट रायफल शिकणाऱ्यासाठी आणि त्याचे गुण लिहिणाऱ्यासाठी

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. पॉइंट ३०८ इंच व्यासाची गोळी तिथे पोचायला साधारण दीड सेकंद घेते. तेवढ्या वेळात ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला दोन मीटरहून जास्त बाजूला नेतो. टार्गेटवरचा मधला गोल, म्हणजे बुल, असतो सुमारे ६१ सेंटिमीटर रुंद. टेलिस्कोप न लावता, पालथं पडून, दंडाला बांधलेल्या स्लिंगच्या (पट्ट्याच्या) आधाराने या बुलमध्ये एकामागून एक गोळ्या घालायच्या, हा टार्गेट रायफलचा खेळ. त्याचं सगळ्यांत मोठं घर इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, बिस्ली इथे आहे. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर सुरू झाली. तिथे राणी व्हिक्टोरियाने यंत्रावर आवळलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून पहिली गोळी झाडली होती. १८९० मध्ये सगळा मुक्काम बिस्लीला हलला, आणि आजही दर जुलैमध्ये जगभरचे नेमबाज तिथे जमतात.

तंत्राच्या पुस्तकांत सहसा न सापडणारी गोष्ट आधीच सांगतो. हा खेळ एकट्याने शिकता येत नाही. स्पर्धेत तुमच्या शेजारी पडून तुमचे गुण लिहिणारा माणूस दुसरा-तिसरा कोणी नसून तुमचा प्रतिस्पर्धी असतो. तुमची गोळी झाली की तो त्याची झाडतो आणि त्याचे गुण तुम्ही लिहिता. म्हणून या लेखात दोन्ही कामं सांगितली आहेत: पडून गोळी कशी झाडायची, आणि दुसऱ्याचे गुण लिहिताना काय करायचं.

क्लब आणि कायदा

ब्रिटनमध्ये राहत असाल तर होम ऑफिसची मान्यता असलेल्या क्लबात नाव घाला. पूर्ण सदस्यत्वाआधी किमान तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ असतो. त्या काळात देखरेखीखाली सुरक्षेचे नियम आणि हाताळणी शिकवतात. क्लबची रायफल क्लबमध्ये वापरायला स्वतःचा परवाना लागत नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर काहीही विकत घेऊ नका. दहा जणांच्या रायफली खांद्याला लावून पाहा. लोक आनंदाने देतात.

महाराष्ट्रात असाल तर हजार यार्डांची रेंज सामान्य माणसाला मिळणं अवघड आहे, पण पाया ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून झाडायच्या प्रकारात) उत्तम घालता येतो. शरीराची ठेवण, स्लिंग, श्वास, ट्रिगर सगळं तेच. शिवाय पॉइंट २२ ची गोळी इतकी हळू जाते की ५० मीटरवरही वारा तिला हलवतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच ५० मीटर प्रोनमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेच्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या ब्राँझमध्येही प्रोन ही तीन पोझिशन्सपैकी एक होती.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण ते रेंजवर हाताला धरूनच शिकवलं जातं. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) ती रिकामी असल्याचं दाखवणारा फ्लॅग, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. आज्ञा झाल्याशिवाय गोळी हातात घ्यायची नाही. "स्टॉप" कोणीही ओरडू शकतं, अगदी आज पहिल्यांदा आलेला पाहुणासुद्धा, आणि तो शब्द कानावर पडला की बोट ट्रिगरवरून बाहेर. कान झाकल्याशिवाय फायरिंग पॉइंटवर पाऊल टाकायचं नाही.

सामान

रायफल सिंगल शॉट, बोल्ट अ‍ॅक्शन, जड नळीची. पुढे बोगद्यासारख्या नळकांड्यात गोल कडं असतं, ती फोरसाइट. मागे बारीक भोकाची रिअरसाइट, तिला उंचीची आणि वाऱ्याची अशी दोन चाकं. चाकं 'मिनिट'मध्ये, म्हणजे कोनाच्या अंशाच्या साठाव्या भागात, आखलेली असतात. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त, म्हणजेच हजार यार्डांवर साडेदहा इंच. हा हिशेब तोंडपाठ करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्याखेरीज जाड कॅनव्हासचं किंवा कातडी जॅकेट, डाव्या हातात हातमोजा, स्लिंग, चटई, स्टँडवर लावलेली स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची दुर्बीण) आणि वही-पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते. बिस्लीच्या मोठ्या स्पर्धेत टार्गेट रायफलला सगळ्यांना एकाच प्रकारची गोळी वाटली जाते. मला ही पद्धत फार योग्य वाटते. पैसे ओतून चांगली गोळी आणता येत नाही, मग फरक पडतो तो फक्त माणसाच्या कामाचा.

मान किंवा डोळे साथ देत नसतील तर एफ-क्लास आहे. रायफल बायपॉडवर किंवा रेस्टवर ठेवायची, वर टेलिस्कोप, अंतरं तीच, बुल मात्र लहान. कॅनडाच्या जॉर्ज फार्कहार्सन यांच्या नावावरून तो 'एफ' आला. तरुण लोकही आता थेट तिथूनच सुरुवात करतात. वारा दोघांना सारखाच वाचावा लागतो.

पडायचं कसं

उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी सांगतो. टार्गेटच्या रेषेला शरीर थोडं तिरकं, पाय डावीकडे, साधारण १५ ते ३० अंश. डावं कोपर रायफलच्या जवळजवळ खाली. उजवा गुडघा थोडा वर ओढून घ्या, म्हणजे पोट जमिनीवरून किंचित सुटतं आणि श्वासाचा व ठोक्यांचा धक्का रायफलपर्यंत कमी पोचतो.

स्लिंग दंडावर वरच्या बाजूला घ्या. तिने रायफलचं वजन पूर्ण उचलायला हवं. डाव्या पंजाची बोटं सैल सोडली तरी रायफल जागची हलली नाही, तर स्लिंगचा ताण बरोबर आहे. फोरसाइट नाडीच्या ठेक्यावर टकटक उडत असेल, तर पट्टा दंडाच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिनीवर दाबतोय. तो बाहेरच्या बाजूला फिरवा.

आता सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, अंग पूर्ण सैल सोडा, डोळे उघडा. फोरसाइट कुठे आहे? टार्गेटच्या उजवीकडे असेल तर हाताने ढकलून ती मध्यावर आणायची नाही. डावं कोपर जमिनीवर खिळलेलं ठेवून कंबर उजवीकडे सरकवा, रायफल डावीकडे वळेल. वर-खाली असेल तर शरीर कोपराच्या दिशेने थोडं पुढे-मागे करा. स्नायूंनी जबरदस्तीने धरलेला नेम ट्रिगर सुटताक्षणी आपल्या मूळ जागी परत जातो, आणि गोळी त्याच्यासोबत जाते. ही तपासणी पहिल्या गोळीआधी करायची, आणि मध्येच जरा जरी हललात तर पुन्हा.

श्वास घेताना फोरसाइट सरळ खाली जायला हवी आणि सोडताना सरळ वर. ती तिरकी जात असेल तर शरीराचा कोन चुकलाय. नवख्या माणसाच्या मागे बसून हे दोन मिनिटांत सांगता येतं. स्वतःला मात्र कित्येक महिने कळत नाही.

दोन गोळ्यांच्या मध्ये दस्ता खांद्यातून काढू नका आणि डावं कोपर उचलू नका. गोळी भरणं, बोल्ट लावणं, वहीत लिहिणं, सगळं उजव्या हाताने. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी, त्याच वजनाने.

श्वास, साइट, ट्रिगर

श्वास सोडून झाल्यावर येणारा नैसर्गिक विराम हीच नेमाची वेळ. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर थांबा, गवताकडे बघा, श्वास घ्या, पुन्हा सुरुवात करा. ताणून धरलेल्या नजरेला काळा गोल होता तसाच दिसत राहतो, मग रायफल हललेली कळत नाही.

नजर टार्गेटवर नको, फोरसाइटच्या कड्यावर हवी. कडं आणि काळा गोल यांच्यामधली पांढरी पट्टी सगळीकडून सारखी दिसली की पुरे. नवे लोक बारीक कडं निवडतात, कारण त्यात नेम अचूक वाटतो. प्रत्यक्षात थोडी हालचाल झाली की बारीक कड्यात पांढरी पट्टी नाहीशी होते आणि बोट घाबरून ट्रिगर ओढतं. मोठं कडं घ्या. डावा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावा.

रायफल उभी सरळ धरा. हजार यार्डांवर उंचीचा कोन ३० मिनिटांच्या आसपास असतो. रायफल फक्त एक अंश कलंडली तर त्यातला सुमारे अर्धा मिनिट आडवा वळतो. एवढ्यात बुलच्या मध्यावरची गोळी १४ सेंटिमीटर बाजूला लागते.

ट्रिगर सरळ मागे दाबा. सुटल्यावरही दाबून ठेवा आणि धक्का ओसरल्यावर साइट कुठे परतली ते पाहा. गोळीची जागा दाखवायला टार्गेट खाली ओढलं जाण्याआधीच मनाशी ठरवा: शॉट चांगला होता, की डावीकडे सुटला? हे वहीत आधी लिहायचं, टार्गेटचं उत्तर नंतर. उत्तर कळल्यावर केलेलं अनुमान काही कामाचं नसतं.

घरी सराव करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, चेंबर दोनदा तपासा, भिंतीवर ठिपका काढा आणि नुसता ट्रिगर दाबा. रोज २० मिनिटं केलं तरी खांद्याला दस्त्याची जागा सापडायला लागते.

वारा

माझ्या मते ३०० यार्डांवर शरीर जिंकवतं आणि हजारावर वारा. बहुतेक जण सरावाचा वेळ उलट्या प्रमाणात वाटतात.

१५५ ग्रेनच्या (सुमारे १० ग्रॅमच्या) गोळीचा ठोकताळा असा: ताशी १० मैलांचा पूर्ण आडवा वारा ३०० यार्डांवर दोन मिनिटांहून थोडा जास्त, ६०० वर साडेचार-पाच मिनिटं आणि १००० वर जवळपास नऊ मिनिटं मागतो. म्हणजे हजारावर ताशी एका मैलाला जवळपास एक मिनिट. बुलच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर एका मिनिटाहून किंचित जास्त. वाऱ्याच्या वेगात ताशी दीड मैलाची चूक झाली तर अगदी निर्दोष झाडलेली गोळीही बुलच्या बाहेर जाते. हा आकडा एकदा मनात ठसला की झेंड्यांकडे बघायची सवय आपोआप लागते.

दिशेसाठी घड्याळ वापरा. टार्गेट १२ वर. ३ आणि ९ कडून येणारा वारा पूर्ण धरायचा, १ वाजताचा निम्मा, दीड वाजताचा सुमारे ७० टक्के. सगळ्यांत फसवा वारा १२ किंवा ६ च्या आसपासचा. त्याचा जोर मोठा आणि आडवा परिणाम शून्य, पण तो क्षणात ११ वरून १ वर उडी मारतो आणि चाकावरची दिशाच बदलायला लावतो. अशा वेळी झेंड्याच्या फडफडीपेक्षा तो खांबाच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहा.

झेंड्यांच्या जोडीला मिराज वाचा. स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर फोकस करून मग थोडी अलीकडे आणा, तापलेल्या हवेच्या लाटा दिसू लागतात. त्या आडव्या वाहत असतील तर वारा आडवा. सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा थांबलाय किंवा रेषेतून येतोय. नवखे 'आता शांत आहे' म्हणून नेमकी तेव्हाच गोळी सोडतात, आणि दुसऱ्याच क्षणाला वारा कुठल्याही बाजूने येतो. उकळी दिसली की थांबा. जोराच्या वाऱ्यात लाटा सपाट होऊन वेग सांगेनाशा होतात, तेव्हा पुन्हा झेंड्यांकडे वळा.

आपल्या जवळचा वारा टार्गेटजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण सुरुवातीला वळलेली गोळी उरलेलं सगळं अंतर त्याच वळणाने जाते. तरीही फक्त नाकासमोरचा झेंडा पाहू नका. निम्म्या अंतरावरचा एक झेंडा निवडा आणि सगळ्या रेंजचा अंदाज त्याच्याशी जोडा.

क्रम असा ठेवा:

१. पाळी येण्याआधी किमान पाच मिनिटं मागे बसून झेंडे पाहा. सर्वांत कमी वारा किती, सर्वांत जास्त किती, हे मिनिटांत लिहा. समजा, डावीकडून ४ ते ७.

२. जास्त वेळ टिकणारी स्थिती निवडा. तीच तुमची मूळ स्थिती.

३. मोजणीआधी अंदाज घ्यायला दोन साइटिंग शॉट मिळतात. पहिला चांगला झाडला असेल तर टार्गेट जेवढं सांगेल तेवढी पूर्ण दुरुस्ती करा. अर्धवट दुरुस्तीत दुसराही वाया जातो. साइटिंग शॉट चांगले पडले तर नियमाप्रमाणे ते मोजणीत घेता येतात: फक्त दुसरा, किंवा दोन्ही.

४. प्रत्येक गोळीआधी चाकावरचा आकडा आणि झेंडा दोन्ही पाहा. वेळ ४५ सेकंदांचा असतो, भरपूर आहे.

५. वहीत उंचीचा आणि वाऱ्याचा आलेख भरत जा. एक गोळी वर गेली म्हणून उंचीचं चाक फिरवू नका. तीन गोळ्या एकाच बाजूला गेल्या तर फिरवा.

गुण लिहिणारा

बिस्लीला एका टार्गेटवर दोघं किंवा तिघं आळीपाळीने झाडतात. तुमची गोळी, मग त्याची, मग पुन्हा तुमची. तो झाडत असताना तुम्ही जागेवर पडूनच त्याचं रजिस्टर, म्हणजे गुणांचं कार्ड, लिहिता.

टार्गेट वर आलं की स्कोपमधून पाहून मोठ्याने सांगायचं: नेमबाजाचं नाव, शॉटचा क्रमांक, किंमत. मधून बाहेर जाताना बुलला ५, इनरला ४, मॅगपायला ३, आउटरला २, हिटला १. बुलच्या आतल्या 'व्ही' नावाच्या लहान गोलालाही ५ च, पण बरोबरी झाली तर व्हींची संख्या निर्णय करते. नेमबाजाने मान्य केलं की लिहायचं. बट्समधून (टार्गेटखालच्या खड्ड्यातून) चुकून जास्त किंमत दाखवली असेल तर ती रजिस्टर लिहिणाऱ्यानेही सांगायची आणि नेमबाजानेही. दोघांपैकी एकाने तरी ती दडवली, असं मी आजवर पाहिलेलं नाही. प्रतिस्पर्ध्याची व्ही पुकारतानाही आवाज तेवढाच स्पष्ट हवा.

शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी गेली तर तुमच्या खात्यावर भोपळा. म्हणून प्रत्येक गोळीआधी टार्गेटचा नंबर वाचा. वैयक्तिक स्पर्धेत जोडीदाराला वारा सांगायला मनाई असते, पण त्याची गोळी कुठे पडली हे तुम्हाला दिसतं आणि तेव्हाचा झेंडाही दिसलेला असतो. त्याचा शॉट ही तुमच्यासाठी फुकट मिळालेली माहिती, तशीच तुमची त्याला. दोघं चांगले असले की दोघांचेही गुण वाढतात. हे मी एवढ्या वेळा पाहिलंय की अनुभवी जोडीदार लाभला तर मला निम्मी स्पर्धा सोपी वाटते.

मुख्य स्पर्धांत स्त्री-पुरुष, वय, हुद्दा असे वेगळे गट नसतात. १९३० मध्ये मार्जोरी फॉस्टरने एका गुणाने किंग्ज प्राइझ हे बिस्लीचं सगळ्यांत मोठं वैयक्तिक बक्षीस जिंकलं, आणि ते जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या स्पर्धेची अंतिम फेरी शंभर जणांची, ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी १५ गोळ्या. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावर घेतात आणि वाजतगाजत मिरवतात. खांदा देणाऱ्यांत तासाभरापूर्वी हरलेलेही असतात.

संघ आणि कोल्हापूरचा कप

बिस्लीच्या वेळापत्रकात 'कोलापोर' नावाची स्पर्धा दिसली की मराठी माणूस चमकतो. ते आपलंच कोल्हापूर. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला आले होते. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. कोल्हापूरच्या राजांच्या नावाचा हा चषक १८७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ब्रिटन आणि तिच्या वसाहतींच्या संघांमध्ये खेळला जाऊ लागला, तेव्हा विम्बल्डनला. आज आठ जणांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर प्रत्येकी दहा गोळ्या झाडतात.

सांघिक नेमबाजीत वारा नेमबाज वाचत नाही. मागे स्कोपला डोळा लावून कोच बसलेला असतो. तो आकडा सांगतो, नेमबाज चाक फिरवतो आणि झाडतो. तुम्हाला स्वतःला झेंडा वेगळा दिसला तरी कोचचाच आकडा लावायचा. त्या बदल्यात तुमच्याकडून एकच गोष्ट लागते: शॉट कसा सुटला ते खरं सांगणं. समजा, ट्रिगर ओढला गेला, गोळी उजवीकडे इनरमध्ये पडली आणि तुम्ही लाजून "चांगला शॉट" म्हणालात. कोच तो दोष वाऱ्यावर टाकतो, पाऊण मिनिट डावीकडे घेतो, आणि तुमची पुढची निर्दोष गोळी डावीकडून बुलबाहेर जाते. तोच आकडा पुढच्या साथीदारालाही मिळतो. म्हणून "उजवीकडे सुटला" एवढे दोन शब्द लगेच, गोळी कुठे पडली ते दिसण्याआधी. क्लबच्या संघात कोणाला घ्यायचं हे ठरवताना मी सर्वाधिक गुणवाला निवडण्याआधी असं सांगणारा निवडेन.

बट्स आणि नंतर

महिन्यातून एकदा तरी बट्समध्ये काम करा. उंच भिंतीआड खड्ड्यात उभं राहून टार्गेटची चौकट खाली ओढायची, भोकात डिस्क बसवायची, आधीचं भोक कागदाने बुजवायचं, चौकट वर ढकलायची. डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा कडाका ऐकला की एका गोळीमागे किती जणांचे हात असतात ते कळतं. चांगला मार्कर दहा सेकंदांत टार्गेट वर पाठवतो आणि नेमबाजाची लय सांभाळतो. बिस्लीला इलेक्ट्रॉनिक टार्गेटंही आली आहेत. सरावाला ती सोयीची, पण नव्या माणसाने बट्स चुकवू नयेत.

शूट संपल्यावर रेंज ऑफिसरकडून चेंबर तपासून घ्या, कार्डावर दोघांच्या सह्या करा आणि चहाला बसताना जोडीदाराची वही मागून आपल्या वहीशेजारी ठेवा. त्याने चौथ्या गोळीला सहा मिनिटं लावली होती आणि तुम्ही साडेचार. त्याने कोणता झेंडा पाहिला? विचारा, तो सांगेल. त्या दिवसाचं तापमान, अंतर आणि दोन्ही चाकांचे अखेरचे आकडे त्याच पानावर लिहा. नळी गरम असतानाच साफ करा, स्लिंग आणि जॅकेट भिजलं असेल तर हिटरपासून लांब वाळवा. पुढच्या शनिवारची यादी भरताना ओळखीच्या जोडीदाराबरोबरच नाव घालू नका. यादीत नुकताच आलेला कोणी असेल तर त्याच्या टार्गेटवर जा आणि पहिलं रजिस्टर त्याचं लिहा.